डेनट्री : जगातल्या सर्वात जुन्या जंगलांपैकी एकातलं गाव, जिथं सरकारनंच प्लॉट पाडले आणि नंतर परत विकत घेतले

समजा, तुमच्या फोनवर एक जाहिरात आली. ‘एक हेक्टर जागा. चारी बाजूंनी घनदाट जंगल. समुद्र पाच मिनिटांवर. जागतिक वारसा स्थळाला लागून. किंमत शहरातल्या वन बीएचकेपेक्षा कमी.’

आपल्याकडे कोकणातल्या प्लॉटच्या अशा जाहिराती रोज दिसतात. पण ही जाहिरात कोकणातली नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर टोकाकडे डेनट्री नावाचं पर्जन्यवन आहे. तिथल्या जमिनी १९८० च्या दशकात अशाच सांगून विकल्या गेल्या. घेणारे बरेचसे लोक हजारो किलोमीटर लांबच्या शहरांत राहणारे होते. त्यातल्या कित्येकांनी जागा न बघताच पैसे भरले.

पुढं काय झालं? काहींना कळलं की प्लॉटवर वीज येणार नाही. काहींना कळलं की घरच बांधता येणार नाही. आणि ज्या सरकारनं प्लॉट पाडायला परवानगी दिली होती, त्याच सरकारवर ते परत विकत घ्यायची वेळ आली.

आज डेनट्रीला दरवर्षी लाखो पर्यटक जातात. सिडनी-मेलबर्नमध्ये स्थायिक झालेली मराठी मंडळी सुट्टीत केर्न्सला गेली की इथंही चक्कर मारतात. ‘इथं एखादी जागा घेऊन ठेवावी का?’ असा विचार करणारेही असतात. म्हणून हे गाव नेमकं कसं आहे, तिथं बघायला काय आहे आणि पैसे गुंतवायच्या आधी काय माहीत असायला हवं, ते सगळं एका ठिकाणी.

डेनट्री म्हणजे नेमकं कुठं?

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. डेनट्री या नावाच्या तीन गोष्टी आहेत. डेनट्री नदी, डेनट्री गाव आणि डेनट्रीचं जंगल.

डेनट्री गाव नदीच्या दक्षिणेला आहे. इथं पक्का रस्ता थेट येतो, फेरी लागत नाही. एकेकाळी इथं लाकूडतोडे होते, मग दुधाचा धंदा आला, लोण्याचा कारखानाही होता. आता गाव चालतं ते मगरी आणि पक्षी दाखवणाऱ्या बोटींवर आणि पर्यटकांच्या मुक्कामावर.

ज्या जंगलाचे फोटो आपण बघतो, ते किनाऱ्यालगतचं जंगल मात्र नदीच्या उत्तरेला आहे. तिथं काऊ बे, फॉरेस्ट क्रीक, दिवान, थॉर्नटन बीच अशा विखुरलेल्या वस्त्या आहेत आणि पक्क्या रस्त्याच्या शेवटी केप ट्रिब्युलेशन. या शेवटच्या वस्तीत कायम राहणारे लोक शंभर-सव्वाशेच्या आसपास. आपल्याकडची एखादी वाडी असते तेवढे.

त्यामुळं गुगल मॅपवर नुसतं ‘डेनट्री’ टाकून निघालात तर भलतीकडे पोहोचाल. जंगल बघायचं असेल तर ‘केप ट्रिब्युलेशन’ टाका.

हा सगळा भाग डग्लस शायर कौन्सिलच्या हद्दीत येतो. शायर म्हणजे आपल्याकडच्या पंचायत समिती आणि नगरपालिकेचं मिश्रण समजा. बांधकाम परवानगी, फेरी, कचरा, स्थानिक रस्ते हे सगळं त्यांच्याकडे. २००८ मध्ये हे कौन्सिल केर्न्समध्ये विलीन केलं होतं. लोकांना ते पटलं नाही. मतदान झालं आणि १ जानेवारी २०१४ पासून डग्लस पुन्हा वेगळं झालं.

नावामागची गोष्ट

१७७० च्या जून महिन्यात ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक इथून जात होता. या किनाऱ्याजवळ त्याचं ‘एंडेव्हर’ जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळलं आणि बुडता बुडता वाचलं. त्याच्या सगळ्या त्रासाची सुरुवात या भूशिरापासून झाली म्हणून त्यानं नाव दिलं केप ट्रिब्युलेशन, म्हणजे संकटाचं भूशिर. डेनट्री हे नाव बरंच नंतरचं. १८७३ मध्ये जॉर्ज एल्फिन्स्टन डॅलरिम्पलनं रिचर्ड डेनट्री या भूगर्भशास्त्रज्ञ आणि छायाचित्रकाराचं नाव नदीला दिलं.

पण कुक यायच्या हजारो वर्षं आधीपासून इथं माणसं राहत होती. हा ईस्टर्न कुकू यलांजी या आदिवासी समाजाचा मुलूख. कुक ज्याला केप ट्रिब्युलेशन म्हणाला, त्याला ते ‘कुल्की’ म्हणतात. कुठल्या ऋतूत कुठलं फळ पिकतं, कुठल्या बियांमधलं विष कसं काढून त्या खाण्याजोग्या करायच्या, हे सगळं ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि आजही आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये क्वीन्सलँड सरकारनं डेनट्री राष्ट्रीय उद्यानासह १ लाख ६० हजार हेक्टरहून जास्त जमीन औपचारिकरीत्या त्यांच्या नावावर केली. आता ते आणि सरकार मिळून उद्यान सांभाळतात.

हे जंगल इतकं खास का?

डेनट्री हे जगातल्या सर्वात जुन्या, सलग टिकून राहिलेल्या पर्जन्यवनांपैकी एक मानलं जातं. त्याचं वय कोटींमध्ये मोजलं जातं आणि ते ॲमेझॉनपेक्षा जुनं असल्याचं सांगितलं जातं.

कारण भूगोलात आहे. एकेकाळी ऑस्ट्रेलिया, भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सगळे गोंडवाना नावाच्या एकाच महाखंडाचे तुकडे होते. म्हणजे आपला सह्याद्री आणि डेनट्री खूप लांबच्या नात्यानं भाऊबंदच. पुढं खंड फुटले. ऑस्ट्रेलिया उत्तरेकडे सरकत कोरडा होत गेला आणि जंगलं आटत गेली. पण या कोपऱ्यात समुद्राकडून येणारे वारे डोंगराला अडून पाऊस देत राहिले. म्हणून इथलं जंगल टिकलं.

म्हणूनच फुलझाडांची अगदी आदिम कुळं इथं अजून जिवंत सापडतात. त्यातलं एक झाड म्हणजे इडिओस्पर्मम, ज्याला तिथले लोक ‘इडियट फ्रूट’ म्हणतात. हे झाड नामशेष झालं असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९७१ च्या सुमारास इथल्या एका शेतावरची गुरं अचानक दगावली. तपासणीत त्यांच्या पोटात मोठमोठ्या बियांचे तुकडे मिळाले. शोध घेतला, तर ते हेच झाड. नामशेष समजलेलं झाड गुरांमुळं सापडलं!

इथला दुसरा हिरो म्हणजे कॅसोवरी. माणसाच्या उंचीचा, न उडणारा, निळ्या मानेचा आणि डोक्यावर शिंगासारखा तुरा असलेला पक्षी. अंडी उबवायचं आणि पिल्लं वाढवायचं काम नर करतो. हा पक्षी मोठमोठी फळं अख्खी गिळतो आणि बिया लांबवर जाऊन टाकतो. काही झाडांच्या बिया इतक्या मोठ्या असतात की त्या पसरवणारा दुसरा प्राणी इथं जवळजवळ नाहीच. म्हणजे कॅसोवरी गेला तर जंगलाचा पोतच बदलेल.

आणि कॅसोवरीला धोका कशाचा? गाड्यांची धडक, पाळीव कुत्री आणि तुकडे पडलेलं जंगल. प्लॉटच्या गोष्टीशी याचा थेट संबंध आहे. ती पुढं येतेच.

१९८८ मध्ये युनेस्कोनं ‘वेट ट्रॉपिक्स ऑफ क्वीन्सलँड’ या नावानं जवळपास नऊ लाख हेक्टरचा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. डेनट्री त्यातलाच भाग. समोरचा ग्रेट बॅरियर रीफ १९८१ पासूनच यादीत होता. दोन जागतिक वारसा स्थळं एकमेकांना टेकलेली आहेत, अशी ही दुर्मीळ जागा. आपला पश्चिम घाट या यादीत २०१२ मध्ये आला.

जायचं कसं आणि कधी?

सर्वात जवळचा मोठा विमानतळ केर्न्स. तिथून पोर्ट डग्लस, मॉसमन असं करत साधारण शंभर किलोमीटरवर डेनट्री नदी लागते. नदीवर पूल नाही. गाडी तारेवर ओढल्या जाणाऱ्या फेरीत चढवायची आणि पलीकडे उतरायचं. फेरी रात्री काही तास बंद असते. सुट्ट्यांच्या दिवसांत तिच्यासाठी लांब रांग लागते.

पूल का बांधत नाहीत? हा वाद तिथं कित्येक वर्षं चालू आहे. पूल झाला तर रहिवाशांचा वेळ वाचेल, आजारी माणसाला लवकर नेता येईल. पण गाड्या वाढतील, वस्ती वाढेल आणि जंगलावर ताण येईल, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. आतापर्यंत फेरीच टिकली आहे.

फेरीनंतर केप ट्रिब्युलेशन साधारण ३५ किलोमीटर. रस्ता पक्का आहे, पण अरुंद आणि वळणांचा. तासभर धरा. तिथून पुढं ब्लूमफिल्ड ट्रॅक सुरू होतो. तो कच्चा, खड्या चढाचा, ओढे ओलांडत जाणारा. फक्त फोर बाय फोर गाडीचं काम. भाड्याची साधी गाडी तिकडं घातली तर विम्यातून बाहेर पडाल, करार नीट वाचा.

जायचं तर जून ते ऑक्टोबर. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्यानं ऋतू उलटे असतात. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथं कोरडं, आल्हाददायक हवामान. डिसेंबर ते एप्रिल तिथला पावसाळा. वर्षाला साडेतीन ते चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, त्यामुळं आकड्याचं आपल्याला अप्रूप नाही. फरक हा की तिथं पावसासोबत चक्रीवादळं येतात.

काय बघाल आणि कशापासून जपाल?

दोन दिवस हातात असतील तर उत्तम. बरेच लोक केर्न्सहून एका दिवसाची सहल करतात, पण त्यात निम्मा वेळ गाडीत जातो.

मॉसमन गॉर्ज नदीच्या अलीकडेच आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या केंद्रातून कुकू यलांजी समाजाचे मार्गदर्शक जंगल फिरवतात. आपल्याला जे नुसतं हिरवं दिसतं, त्यात त्यांना औषध, साबण, अन्न आणि विष दिसतं. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर यावर करा.

नदीपलीकडे वॉलू वुगिरिगा हा पॉईंट आहे. इथून नदीचं मुख आणि समुद्र एकत्र दिसतो. त्यानंतर डेनट्री डिस्कव्हरी सेंटरचा मनोरा, जिथून जंगलाचा शेंडा बघता येतो. मारजा आणि दुबुजी हे लाकडी पुलांचे मार्ग तिवरांतून आणि पर्जन्यवनातून जातात, तेही फुकट. शेवटी केप ट्रिब्युलेशनचा किनारा. डोंगर सरळ वाळूत उतरतो.

आता जपायचं काय, ते.

मगरी : खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथं नदीत, खाडीत, ओढ्यांच्या तोंडाशी आणि समुद्रकिनाऱ्यावरही असतात. पाटी लावलेली असेल तिथं पाण्याच्या काठावरही रेंगाळू नका. पाटी नसली म्हणून पाणी सुरक्षित होत नाही.

जेलीफिश : साधारण नोव्हेंबर ते मे या काळात समुद्रात विषारी बॉक्स जेलीफिश असतात. या महिन्यांत समुद्रात उतरू नका.

काटेरी झाड : गिम्पी-गिम्पी नावाच्या झाडाच्या पानांवर काचेसारखी बारीक लव असते. आपल्याकडच्या खाजकुयलीची हजारपट वाईट बहीण समजा. वेदना कधी कधी महिनोन् महिने राहतात. पायवाट सोडायची नाही, अनोळखी पानाला हात लावायचा नाही.

कॅसोवरी : दिसला तर मागं मागं सरका, पळू नका. खायला घालणं बेकायदेशीर आहे. गाडी हळू चालवा.

मोबाईल : नदी ओलांडली की बहुतेक ठिकाणी रेंज जाते. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल आधीच भरा.

आता मुख्य गोष्ट : प्लॉटची

१९८१ मध्ये केप ट्रिब्युलेशन राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. पण उद्यानात प्रामुख्यानं डोंगर गेले. किनारा आणि डोंगर यांच्यातला सपाट पट्टा, म्हणजे जंगलाचा सर्वात समृद्ध भाग, बराचसा खासगी मालकीचाच राहिला.

तेव्हा क्वीन्सलँडचे प्रीमियर होते जो बेल्के-पीटरसन. विकासाच्या आड येणारं काहीही त्यांना खपत नसे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या सरकारनं या सपाट पट्ट्यात जमिनीचे तुकडे पाडायला परवानगी दिली. किती? १,१३६ प्लॉट. बहुतेक एकेक हेक्टरचे, म्हणजे साधारण अडीच एकराचे. जंगलातून रस्ते काढले आणि देशभर जाहिराती झाल्या.

पाठोपाठ १९८३ च्या डिसेंबरमध्ये केप ट्रिब्युलेशनच्या पुढं ब्लूमफिल्ड ट्रॅक काढायला बुलडोझर आले. आंदोलक झाडांवर चढले, काहींनी स्वतःला जमिनीत पुरून घेतलं. अटका झाल्या. रस्ता १९८४ मध्ये झालाच, पण टीव्हीवर दिसलेल्या दृश्यांनी सगळ्या देशाला डेनट्री हे नाव पाठ झालं.

पुढं पंतप्रधान बॉब हॉक यांच्या केंद्र सरकारनं या जंगलाचं नाव युनेस्कोकडे पाठवलं. राज्य सरकारनं विरोध केला. प्रकरण तिथल्या हायकोर्टापर्यंत गेलं, जे त्या देशातलं सर्वोच्च न्यायालय आहे. तिथं केंद्राची बाजू टिकली.

पण खरी मेख पुढं आहे. वारसा क्षेत्राची हद्द आखताना हे खासगी प्लॉट बहुतांशी बाहेर राहिले. म्हणजे दोन्ही बाजूंना जागतिक वारसा आणि मध्ये हजारभर खासगी तुकडे. सगळ्यांवर घर बांधलं, प्रत्येकानं रस्ता काढला, कुंपण घातलं, कुत्रं पाळलं, तर जंगल कागदावर वाचेल आणि जमिनीवर तुटेल.

मग प्लॉट परत घ्यायची वेळ का आली?

१९९० च्या दशकाच्या मध्यात केंद्र आणि राज्य सरकारनं मिळून ‘डेनट्री रेस्क्यू प्रोग्रॅम’ काढला. सुमारे २ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर बाजूला काढले. त्यातून काही प्लॉट विकत घेऊन जंगलात मिळवले, काही मालकांशी जंगल राखायचे करार केले. पैसे संपले, प्लॉट संपले नाहीत.

२००० साली राज्य सरकारनं ठरवलं की नदीच्या उत्तरेला विजेच्या तारा न्यायच्या नाहीत. वीज पोहोचली की वस्ती वाढते, हा त्यामागचा विचार. २००४ मध्ये नव्या बांधकामांना स्थगिती आली. पुढच्या नियोजन नियमांनी बऱ्याच प्लॉटवर घर बांधायचा हक्कच राहिला नाही. मालकांना भरपाई आणि खरेदीची योजना दिली गेली.

सरकारसोबत संस्थाही उतरल्या. १९९८ मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट रेस्क्यू आणि नंतर आलेली रेनफॉरेस्ट फोर फाउंडेशन लोकवर्गणीतून प्लॉट घेतात, तण काढतात, देशी झाडं लावतात आणि जागा कायमची संरक्षित करतात. हे काम आजही चालू आहे. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाची किंमत अजून फेडली जात आहे.

इथं एक बाजू सांगायला हवी. प्लॉट घेणारे सगळे सट्टेबाज नव्हते. काहींनी आयुष्याची पुंजी घातली होती. त्यांनी सरकारी मंजुरी असलेलीच जागा घेतली होती. जे तिथं राहायला गेले, त्यातल्या अनेकांनी स्वतःच्या जागेवरचं जंगल जपलं. ‘आमची चूक काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आहे.

तिथं राहायचं म्हणजे काय?

वीज : सरकारी लाईन नाही. प्रत्येकाची स्वतःची सोलर पॅनल, बॅटरी आणि जोडीला डिझेल जनरेटर. जंगलाच्या सावलीत आणि पावसाळ्यातल्या ढगांत सोलर कमी चालतं, मग डिझेल जाळावं लागतं. पर्यावरणासाठी वीज नाकारली आणि त्यामुळं जंगलात जनरेटर धडधडू लागले, ही विसंगती रहिवासी वारंवार दाखवतात. सोलरवर चालणाऱ्या मायक्रोग्रिडची योजना आली आणि केंद्र सरकारनं त्यासाठी निधीही जाहीर केला. पण जाहीर होणं आणि घरात दिवा लागणं यातलं अंतर आपल्याला वेगळं सांगायला नको.

पाणी आणि सांडपाणी : नळयोजना नाही. पावसाचं पाणी, बोअर किंवा ओढा. सांडपाण्याची सोय स्वतःच्या प्लॉटवर, तीही नियमांप्रमाणे.

दवाखाना : हॉस्पिटल मॉसमनला, नदीच्या पलीकडे.

विमा : उत्तर क्वीन्सलँडमध्ये वादळ-पुरामुळं घराच्या विम्याचे हप्ते इतके वाढले की २०२२ मध्ये केंद्र सरकारला चक्रीवादळांसाठी खास पुनर्विमा योजना आणावी लागली. विमा परवडेल का, हा घर घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न आहे, नंतर नाही.

जॅस्परनं दाखवलेलं चित्र

१३ डिसेंबर २०२३ ला जॅस्पर नावाचं चक्रीवादळ वुजल वुजलजवळ किनाऱ्यावर आलं. वाऱ्यानं फार नुकसान केलं नाही. पण वादळ जमिनीवर येऊन रेंगाळलं आणि पाऊस थांबेचना. आसपासच्या काही केंद्रांवर पाच दिवसांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ ला मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तसे दोन २६ जुलै एका आठवड्यात आले असं समजा.

डेनट्री नदीला विक्रमी पूर आला. वुजल वुजल हे आदिवासी गाव हेलिकॉप्टरनं रिकामं करावं लागलं. केप ट्रिब्युलेशनच्या रस्त्यावर डोंगर खाली आले आणि वस्त्या कित्येक आठवडे तुटल्या. ऐन डिसेंबर-जानेवारीच्या सुट्ट्यांत बुकिंग रद्द झाली. रस्ता टप्प्याटप्प्यानं उघडला, पण छोट्या व्यावसायिकांचा हंगाम गेला तो गेलाच.

‘होमस्टे काढून उत्पन्न मिळवू’ असा हिशेब मांडणाऱ्यानं हे वर्ष त्या हिशेबात धरलंच पाहिजे. एकच रस्ता आणि एकच फेरी असलेल्या ठिकाणी रस्ता बंद म्हणजे गल्ला बंद.

तरीही जागा घ्यायची असेल तर?

विकायला घरं आणि प्लॉट अजूनही निघतात. किंमत कमी दिसते, पण ती का कमी आहे ते वरच्या सगळ्यात आहे. घ्यायच्या आधी पुढचे प्रश्न लेखी उत्तरासह सोडवा.

१. या प्लॉटवर घर बांधता येतं का? डग्लस शायरच्या नियोजन आराखड्यात वेगवेगळे विभाग आहेत. काहींत छोटं घर चालतं, काहींत अजिबात नाही. शेजारच्या प्लॉटवर घर दिसतं म्हणून तुमच्यावर चालेल असं नाही. एजंटला नाही, कौन्सिलला विचारा.

२. जमिनीवर जंगल राखायचा करार नोंदलेला आहे का? असला तर तो मालक बदलला तरी लागू राहू शकतो.

३. किती झाडं काढता येतील? घराएवढी जागा, रस्ता, सेप्टिक टाकी, सगळं त्यातच बसवावं लागतं. कुत्रं-मांजर आणि कुंपणावर काय बंधनं आहेत, तेही बघा.

४. तुमचा व्हिसा कोणता? ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसाल तर परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परदेशी व्यक्तींना तिथलं तयार जुनं घर विकत घ्यायला, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. निवासी रिकाम्या प्लॉटसाठी आधी मंजुरी लागते आणि साधारणपणे चार वर्षांत घर बांधायची अट असते. आता ज्या प्लॉटवर घराची परवानगीच मिळत नाही, तिथं ही अट पाळणार कशी?

५. पावसाळ्यात जागा बघितली आहे का? जुलैमध्ये सगळंच सुंदर दिसतं. फेब्रुवारीत जा. ओढा कुठपर्यंत येतो, फेरी किती वेळा बंद पडते, जनरेटर किती तास चालतो, हे तेव्हाच कळेल.

थोडक्यात, फायद्यासाठी घ्यायची ही जागा नाही. तिथं राहायचंच आहे, गैरसोय माहीत आहे आणि जंगल जपायची तयारी आहे, अशांसाठी ती आहे. बाकीच्यांनी दोन दिवस राहावं, स्थानिक मार्गदर्शक घ्यावा, पैसे गावात खर्च करावेत आणि परत यावं.

आपण यातून काय घ्यायचं?

सह्याद्रीत आणि कोकणात आज जे चाललंय, ते बघितलं की डेनट्रीची गोष्ट लांबची वाटत नाही. डोंगर उतारावर प्लॉटिंग, जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’, लांबच्या शहरातला गुंतवणूकदार आणि न बघता भरलेलं टोकन. कायदे वेगळे आहेत, पण क्रम तोच.

डेनट्रीत प्लॉट पाडायला एक मंजुरी पुरली. ते परत मिळवायला चाळीस वर्षं, दोन सरकारं आणि हजारो लोकांची वर्गणी लागली, आणि काम अजून पूर्ण झालेलं नाही. त्यांच्याकडे निदान विकत घेऊन परत जंगल करायला पैसे होते. आपल्याकडे ती सोय असेल असं धरून चालता येणार नाही. त्यामुळं पुढच्या वेळी ‘जंगलाला लागून एक हेक्टर’ अशी जाहिरात दिसली, की भाव विचारायच्या आधी ते जंगल कुणाच्या परवानगीनं तुटलं, ते विचारा.